गर्भाशयातल्या गाठी (फायब्रॉईड): गाठ कुठे आहे ते बघा, आणि आधी रक्ताचा हिशेब मांडा

होटगीनाका

'गाठ पाच सेंटीमीटरची निघाली, पिशवी काढायची का?' हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर इतक्यांदा येतो की सगळं एका जागी असलेलं बरं. सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या मंडळींनी आपापल्या कामातलं नेमकं ज्ञान इथे लिहावं.

आधी शब्दाचा घोळ. आपण 'गाठी' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. पाळीत रक्त गोठून पडतं त्याही गाठी, आणि गर्भाशयाच्या स्नायूत वाढते तीही गाठ. ओपीडीत बाई सांगते, 'गाठी पडतायत', आणि सोबतच्या सासूबाईंना वाटतं आतली गाठ सुटून पडतेय, म्हणजे आजार उतरतोय. असतं उलटंच, रक्तस्राव वाढलेला असतो. या धाग्यात रक्ताची ती गुठळी आणि स्नायूची ती गाठ, एवढं पाळूया.

आता जागा. गर्भाशयाची भिंत घराच्या जाड भिंतीसारखी समजा. आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ सबम्युकस, भिंतीच्या जाडीत बसलेली इंट्राम्युरल, बाहेरच्या अंगाला फुगलेली सबसिरस, आणि देठाला लोंबकळणारी पेडंक्युलेटेड. रिपोर्टवर कधी 'फिगो टाइप' (गाठीच्या जागेवरून केलेली वर्गवारी) म्हणून ० ते ८ मधला आकडा असतो. ०, १ आणि २ म्हणजे पोकळीत शिरलेली. ३ पोकळीच्या अस्तराला टेकलेली, ४ पूर्ण भिंतीत, ५ ते ७ बाहेरच्या बाजूची, ८ म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी किंवा आणखी भलत्या जागी.

पोकळीतली २ सेंटीमीटरची गाठ बाईला अंथरुणाला खिळवू शकते, आणि बाहेरच्या अंगाची ७-८ सेंटीमीटरची गाठ वर्षानुवर्षं कळतही नाही. पोकळीतल्या गाठीमुळे अस्तराचा पृष्ठभाग वाढतो, आसपासच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्त थांबवण्यासाठी गर्भाशयाने नीट आवळायचं असतं ते जमत नाही. म्हणून पहिला प्रश्न 'केवढी' नको, 'कुठे' हवा.

या गाठी कॅन्सरच्या नसतात. कॅन्सरची गाठ फायब्रॉईडसारखी दिसू शकते, पण ते फार विरळ. स्त्रीसंप्रेरकांवर पोसल्या जातात, म्हणून पाळी गेल्यावर बहुतेक आकसतात. त्रास नसेल तर काहीही न करता लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे.

रिपोर्टवाचक

धागा काढलात, बरं झालं. एक शंका. गेल्या वर्षी गाठ ४ सेंटीमीटर होती, यंदा ५ लिहिली आहे. म्हणजे २५ टक्के वाढ धरायची का?

कंबर_तलाव

@रिपोर्टवाचक, नाही. गाठ गोल वस्तू आहे, तिचं घनफळ मोजायचं असतं. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणायचं. ४ × ४ × ४ ची गाठ साधारण ३३ मिलीलीटर, ५ × ५ × ५ ची ६५. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

पण घाबरून जायच्या आधी हेही बघा. रिपोर्टवर एकच माप आहे की तिन्ही? एकच असेल तर तुलना फोल आहे. गेल्या वेळी आडवं मोजलं आणि या वेळी उभं, तर न वाढलेली गाठही 'वाढते'. माणूस बदलला, मशीन बदललं, तरी काही मिलिमीटरचा फरक पडतोच. म्हणून शक्यतो एकाच सेंटरला, आणि जुनी फिल्म सोबत नेऊन. नुसता टाइप केलेला कागद नको, फिल्म न्या.

दिवसही महत्त्वाचा. पाळी थांबल्यावर लगेच, म्हणजे साधारण ५व्या ते १०व्या दिवसात केली तर अस्तर पातळ असतं आणि पोकळीतली गाठ स्पष्ट उठून दिसते. पाळीच्या तोंडावर अस्तर जाड असताना छोटी गाठ त्यात लपते.

पोटावरून करायची तर लघवी भरलेली हवी, आतून करायची तर रिकामी. आतली जास्त स्पष्ट. पण गर्भाशय फार वाढून बेंबीकडे आलं असेल तर आतून वरचा भाग दिसत नाही, तेव्हा दोन्ही लागतात. पोकळीत नक्की किती शिरली आहे हे कळत नसेल तर आत थोडं सलाईन सोडून सोनोग्राफी करतात. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. गाठी अनेक असतील आणि पिशवी राखून त्याच काढायच्या असतील, किंवा एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं) ठरत असेल, तेव्हा तो कामाला येतो.

पूर्वभाग

अशोक चौक, विडी घरकुल या भागातल्या बायकांशी बोलताना सगळ्यात मोठी अडचण 'जास्त जातं म्हणजे किती' ही. विड्या वळणारी बाई सुट्टी घेत नाही, तिच्या लेखी अंगावरून जाणं म्हणजे नेहमीचंच. 'थोडं जास्त असतं' म्हणणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन ७ निघतं. मोजायची सोपी रीत कुणी लिहील का?

होटगीनाका

@पूर्वभाग, हे कागदावर करता येतं. एका पाळीपुरतं. दिवस खाली खाली लिहायचे आणि प्रत्येक पॅडला गुण द्यायचे: नुसता डाग १, मध्यम भिजलेला ५, पूर्ण भिजलेला २०. लहान गुठळीला १, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळीला ५.

उदाहरण घ्या. पहिला दिवस, ३ मध्यम: १५. दुसरा, ४ पूर्ण आणि २ मोठ्या गुठळ्या: ९०. तिसरा, २ पूर्ण आणि २ मध्यम: ५०. चौथा, २ मध्यम: १०. पाचवा, ३ डाग: ३. बेरीज १६८. शंभराच्या वर गेलं की साधारण ८० मिलीलीटरपेक्षा जास्त रक्त जातंय असं धरतात, आणि ८० च्या वर म्हणजे वैद्यकीय भाषेत अतिरक्तस्राव.

चूक कुठे होते? ही मोजणी साध्या पॅडवर बेतलेली आहे. जेलच्या मोठ्या पॅडमध्ये पुष्कळ रक्त मुरतं आणि वरून 'मध्यम' दिसतं, म्हणून बेरीज कमी येते. एका पाळीत एकाच प्रकारचे पॅड वापरा. कपडा वापरणाऱ्यांनी घडी उलगडून बघायचं, रक्त किती पदर खाली उतरलंय ते. कप वापरत असाल तर काम सोपं, मिलीलीटरच्या खुणा बघून थेट बेरीज.

कागद नसला तरी लक्षात ठेवायच्या खुणा: दर तास-दोन तासाला पॅड बदलावा लागणं, रात्री उठून बदलावा लागणं, ७ दिवसांच्या पुढे जाणं, चादरीखाली प्लास्टिक घालून झोपावं लागणं. यातलं शेवटचं बायका कधी आपणहून सांगत नाहीत. विचारावं लागतं.

मालदांडी

आहाराबद्दल मी लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत आणि आपल्या जिल्ह्यात तर डाळिंबाचे.

सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, फळ उत्तम आहे, जरूर खा. पण त्यात लोह फार थोडं, १०० ग्रॅमला अर्धा मिलीग्रॅमही नाही. बीटही तसंच मामुली. लाल रंग म्हणजे रक्त, हे समीकरण डोक्यातून काढा.

आता हिशेब बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलीग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचं पाळीत १५० मिलीलीटर रक्त गेलं, तर १८ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे ६१ मिलीग्रॅम लोह गेलं. अन्नातून शरीर दिवसाला १ ते २ मिलीग्रॅम लोह शोषतं, महिन्याला ३० ते ६०. त्यातलं निम्मं-पाऊण रोजच्या झिजेत जातं. वजाबाकी दर महिन्याला तुटीची. म्हणून मोठा रक्तस्राव चालू असताना नुसत्या खाण्याने हिमोग्लोबिन चढत नाही. त्यात बाईचा दोष नसतो. 'नीट खात नाहीस' म्हणून तिला बोल लावणं थांबवा.

मग आहाराने काय साधतं? गळती थांबल्यावर भरपाई टिकते. ज्वारीत लोह आहे पण फायटेटही आहे, ते लोहाला धरून ठेवतं. भाकरीसोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा पेरू असला की शोषण वाढतं. हुलगे, मटकी भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं. कडक भाकरी-शेंगाचटणीवर लगेच चहा घ्यायची आपली सवय मात्र लोहाला मारक. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा. अळीव, राजगिरा, पालेभाज्या चांगल्याच. मांसाहार चालत असेल तर मटण-कलेजीतलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं.

गाठ विरघळवणारा आहार कोणताही नाही. जवस, हळद, एरंडेलाच्या पट्ट्या, कसलेही काढे, कशानेही गाठ गेल्याचा भक्कम पुरावा नाही. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आणि त्यापायी लोहाची गोळी बंद करू नका.

तिसरी_शिफ्ट

औषधांचं मी लिहितो. मात्रा डॉक्टर ठरवतील, पण गोळी घेण्याची रीत काउंटरवर कुणी सांगत नाही.

लोहाची गोळी: सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मिळते. (शाळकरी मुलींची आठवड्याची निळी.) बाहेरच्या गोळ्यांत बहुधा १०० मिलीग्रॅम. उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत. दूध, चहा, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीपासून निदान दोन तास लांब, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास. पोट बिघडत असेल तर दिवसाआड घेतलेली चालते. लोह पोटात गेलं की शरीर पुढचा दिवसभर शोषण कमी करतं, म्हणून दिवसाआडच्या गोळीचं शोषण दर गोळीमागे जास्त होतं. शौच काळं होणं अपेक्षित आहे. ते बघून 'उष्ण पडतंय' म्हणून गोळी सोडणाऱ्या फार.

तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने चढायला हवं. नाही चढलं तर गोळी घेतली जात नाही, शोषली जात नाही, किंवा गळती जास्त आहे. आणि १२ झालं की लगेच बंद करू नका, साठा भरायला पुढे तीन महिने लागतात. साठा कळतो फेरिटिन या रक्ततपासणीवरून. ३० च्या खाली म्हणजे कोठार रिकामं, मग हिमोग्लोबिन कितीही असो.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड: रक्त थांबवणारी गोळी. ५०० च्या दोन, दिवसातून तीनदा, फक्त जास्त जातं त्या चार-पाच दिवसांत. महिनाभर घ्यायची गोळी ही नव्हे. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर घेऊ नये, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी लागते. बऱ्याचदा मेफेनॅमिक या दुखण्याच्या औषधासोबत एकत्र येते. ती जेवणानंतरच, आणि अल्सर किंवा दमा असेल तर विचारून.

नॉरएथिस्टेरॉन ५ मिलीग्रॅम: हिने पाळी थांबते, गाठ जशीच्या तशी राहते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त येणारच. ते माहीत नसल्याने बायका घाबरून पुन्हा सुरू करतात आणि चक्रात अडकतात. सणासाठी पाळी पुढे ढकलायला मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून नेऊ नका, एवढंच कळकळीने सांगतो.

शेगावकर_सून

आमच्याकडे हिमोग्लोबिन ८ आहे आणि ऑपरेशन महिन्याभरावर. गोळीने पुरेल का? शिरेतून लोह देतात ते सुरक्षित असतं का?

होटगीनाका

@शेगावकर_सून, महिन्याभरात गोळीने पुरणं कठीण. तूट अशी काढतात: वजन × (हवं ते हिमोग्लोबिन − आत्ताचं) × २.४, अधिक साठ्यासाठी ५००. ५० किलो वजन, ८ वरून १३ वर न्यायचं, तर ५० × ५ × २.४ = ६००, अधिक ५०० म्हणजे ११०० मिलीग्रॅम.

शिरेतून द्यायचं लोह फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज असेल तर वजनाप्रमाणे एका बैठकीत जास्तीत जास्त १००० मिलीग्रॅम, सलाईनमधून १५ मिनिटांत. आयर्न सुक्रोज असेल तर २०० मिलीग्रॅम दिवसाआड, म्हणजे पाच-सहा फेऱ्या. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून येणाऱ्या बाईला सहा वेळा एसटीने यायला लावण्यापेक्षा पहिलं परवडतं. औषध महाग, पण बुडणारी मजुरी आणि भाडं धरून हिशेब करा.

देताना सुई टोचली तिथे आग झाली, फुगलं, तर त्याच क्षणी सिस्टरला सांगा. लोह शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग राहतो, कधी कधी कायमचा. 'थोडं दुखणारच' म्हणून सहन करायचं नाही. संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली आणि धाप, छातीत धडधड असेल तर रक्त चढवावं लागतं. एका पिशवीने साधारण १ ग्रॅम वाढतं.

रिपोर्टवाचक

'पिशवी साफ करून घ्या' असंही सांगतात. त्याने गाठ जाते?

होटगीनाका

नाही. क्युरेटिंगमध्ये फक्त अस्तर खरवडलं जातं. त्याचा खरा उपयोग तपासणीसाठी तुकडा मिळवणं, विशेषतः ४५ च्या पुढे अनियमित रक्तस्राव असेल तेव्हा. तो तुकडा लॅबला गेला का आणि रिपोर्ट आला का, हे विचारा. रिपोर्टशिवाय वारंवार साफ करण्यात अर्थ नाही.

कंबर_तलाव

पुढच्या पायऱ्यांचं थोडक्यात.

हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं असतात, लेव्होनॉरजेस्ट्रेल ५२ मिलीग्रॅमवाली. रक्तस्राव खूप कमी करतात, पण पहिले ३ ते ६ महिने अधूनमधून डाग पडतात. हे आधी न सांगितल्याने कित्येक जणी दोन महिन्यांत काढून टाकतात. पोकळी गाठीने वाकडी झाली असेल तर साधन निसटून पडण्याची शक्यता जास्त.

ल्युप्रोलाईडचं इंजेक्शन, महिन्याला ३.७५ मिलीग्रॅम, साधारण तीन महिने. गाठ आकसते, पाळी थांबते, हिमोग्लोबिन सावरतं. बंद केलं की गाठ परत वाढते. म्हणून ते ऑपरेशनच्या आधीची तयारी म्हणून बघा. पहिल्या काही दिवसांत रक्तस्राव उलट वाढू शकतो. गरम वाफा येतात, आणि एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात त्या जास्तच जाचतात. लांबलं तर हाडं ठिसूळ होतात.

पोकळीतली गाठ, टाइप ० किंवा १ आणि ३-४ सेंटीमीटरपर्यंतची, दुर्बिणीने खालच्या वाटेने काढता येते. पोटावर टाका नाही, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. अशा गाठीसाठी थेट पिशवी काढायला सांगितलं तर दुसरं मत घ्याच.

मूल हवं असणाऱ्यांनी गाठच काढून घ्यायची, दुर्बिणीने किंवा पोट उघडून. नवीन गाठी पुढे येऊ शकतात. गर्भधारणा किती महिन्यांनी आणि प्रसूती सिझेरियननेच का, हे भिंत किती खोल कापली त्यावर ठरतं, म्हणून ऑपरेशनच्या टिपणाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

एम्बोलायझेशन: मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी घालून गाठीकडे जाणारा रक्तपुरवठा बारीक कणांनी बंद करतात. हे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टचं काम. पुण्याला किंवा हैदराबादला जाणार असाल तर परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. पहिले चार-पाच दिवस पोटात जोरदार कळा, बारीक ताप, मळमळ असते. ते अपेक्षित आहे, पण हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून सोसायचं नाही. दुर्गंधीयुक्त स्राव आणि चढता ताप मात्र अपेक्षित नाही, लगेच परत जायचं. पुढे मूल हवं असेल तर हा पहिला पर्याय धरत नाहीत.

पूर्वभाग

पिशवी काढण्याबद्दल मला ठामपणे लिहायचं आहे. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांचा विषय गाजला आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असं सांगितलं. तोडीचे फड आपल्या जिल्ह्यातही आहेत. 'पोरं झाली, आता पिशवीचं काय काम' आणि 'ठेवली तर कॅन्सर होईल' ही दोन वाक्यं ऐकली की तिथेच थांबा.

गरज असते तेव्हा हे ऑपरेशन चांगलं आणि कायमचं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सही करण्याआधी विचारा: गोळ्या, साधन यांचा प्रयत्न झाला का? अस्तराची तपासणी झाली का? वाट कोणती, खालून, दुर्बिणीने की पोट उघडून? बीजांडकोष ठेवणार की काढणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. पाळी जायच्या वयाआधी निरोगी बीजांडकोष काढले तर एका रात्रीत रजोनिवृत्ती येते, हाडं आणि हृदय दोन्ही सोसतात. फॉर्मवर 'पिशवी' लिहिलंय की 'पिशवी आणि बीजांडकोष', हे वाचता येत नसेल तर वाचून घ्या. काढलेला भाग तपासणीला पाठवला का, तेही.

खर्चाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागातही दाखवता येतं, दुसरं मत म्हणूनसुद्धा.

तिसरी_शिफ्ट

@पूर्वभाग, एक भर. खासगीतून सिव्हिलला जाताना जुने कागद न नेणाऱ्या फार. नुसतं 'गाठ आहे' सांगून सगळ्या तपासण्या नव्याने होतात. एका फायलीत क्रमाने: सोनोग्राफीच्या फिल्म, हिमोग्लोबिनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि वर लिहिलेला पॅडचा कागद. तो कागद बघून डॉक्टरांचं बोलणंच बदलतं.

शेगावकर_सून

लघवीला सारखं जावं लागतं, तेही गाठीमुळेच का? आणि रात्री-अपरात्री कधी धावायचं?

होटगीनाका

पुढच्या भिंतीवरची गाठ मूत्राशयावर दाबते म्हणून वारंवार लागते, मागच्या भिंतीवरची गुदाशयावर दाबते म्हणून बद्धकोष्ठ. पाणी कमी पिऊन सोडवू नका, आपल्या हवेत तर नाहीच. लागायची वाट न बघता दोन-अडीच तासांनी जा, झाल्यावर जरा पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करा, उरलेली निघते. जळजळ असेल तर लघवी तपासा, सगळं गाठीवर ढकलू नका.

लगेच निघायचं ते असं: तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि दोन तास झाले तरी थांबत नाही. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, धाप. अचानक एका जागी असह्य कळ आणि उलट्या, कारण देठाच्या गाठीला पीळ पडलेला असू शकतो. लघवी पूर्ण अडकणं. गरोदरपणात गाठीच्या जागी ताप-कळ आली तर मेफेनॅमिकसारखी दुखण्याची गोळी घरात आहे म्हणून घेऊ नका, दाखवा. गाठीतलं रक्त कमी पडून तसं होतं, बहुधा पॅरासिटामॉल आणि विश्रांतीने उतरतं, पण निदान डॉक्टरांचं.

रिपोर्टवाचक

पाळी जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईला ३ सेंटीमीटरची गाठ आहे, त्रास काही नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी का?

कंबर_तलाव

त्रास नसेल आणि आधीच्या फिल्मशी ताडून गाठ तेवढीच किंवा लहान असेल, तर दर सहा महिन्यांनी खर्च करायची गरज नाही. पण पाळी गेल्यावर गाठ वाढली, किंवा एक डाग जरी रक्ताचा दिसला, तर तो 'गाठीचा' म्हणून सोडू नका. अस्तराची जाडी मोजून घ्या. आणि हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर सोनोग्राफीवाल्यांना ते आधी सांगा, अस्तराचं माप त्याप्रमाणे वाचावं लागतं.